पाडव्याच्या दिवशी उंद्रीले

अहो,

आज पाडवा. आज तरी तुम्ही एसटी डेपोतून घरी याल म्हणून मी डॉक्टरसाहेबांना विचारून दवाखान्यातून दुपारीच आली होती. साऱ्या गावाले सुट्टी आहे, नर्सलेच नाही.

तुमच्या आंघोळीचं पाणी तापवत होती, तेवढ्यात उंद्रीचे रंगराव बैलगाडी घेऊन दारात आले. त्यांच्या सुनेले कालपासून कळा येऊन राह्यल्या आणि सुईणीनं हात टेकले. म्हणाले, "बाई, संपानं गाड्या बंद हायेत. तिले चिखलीले मोठ्या दवाखान्यात कशी नेऊ? तुम्हीच चाला." माझा नवरा ड्रायव्हर आहे, तो संपात बसला आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही. नंतर मले माझीच लाज वाटली.

धनतेरसले मी म्हटलं होतं, तुमच्या संपापायी माझी दिवाळी गेली. तुम्ही म्हणाले, "मग तूही दवाखाना सोडून घरी बस." दोघंही रागात होतो. तेव्हापासून मी एकटीच जेवून राह्यली. रेडिओ लावला तरी घर रिकामंच वाटते.

पोळ्या झाकून ठेवल्या आहेत, अनारसे डब्यात आहेत. जेवून घ्या, माझ्यासाठी थांबू नका.

बाळंतपण नीट आटोपलं तर त्याच गाडीनं उद्या दुपारपर्यंत येईन. उद्या भाऊबीज आहे, तरी मी तुम्हालेच ओवाळीन. लोक हसले तर हसू द्या. तुम्ही फक्त घरी राहा.

शरयू