सहा पायांची टाचणी

मी खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा जुन्या खुर्च्यांना नवे कापड चढवण्याचा. आज पूर्ण शुद्धीत, पोटभर जेवून, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर फार हसून बोलतात, त्याचीच भीती वाटते. बाकी देवाची इच्छा.

१. राहते घर बायकोला. ती म्हणते, "ते आधीपासून माझंच आहे, लिहिता कशाला?" तरी लिहितो. मासे धरायला जातानाचे माझे जाकीट तिने खुशाल जाळावे. लग्नापासून तिची तेवढी एकच मागणी आहे.

२. दुकान व शिलाई मशीन मुलीला. काम तिला माझ्यापेक्षा चांगले येते. हे तिच्या तोंडावर कधी बोललो नाही, आता कागदावर आहे.

३. माशांना फसवायला गळावर बनावट कीटक बांधायचे सामान, म्हणजे गळ धरणारा छोटा शेगडा, दोऱ्याची रिळे, जुन्या उशांतून निवडलेली पिसे, हे धाकट्या भावाला. याचे कारण लिहिणे भाग आहे.

टाचणी म्हणजे चतुरासारखाच, पण काडीसारखा बारीक कीटक. पंख फुटण्याआधी तिचे पिल्लू पाण्यात राहते. मोठे झाले की काठाकडे पोहत निघते आणि वाटेत मासे त्याच्यावर तुटून पडतात. नऊ वर्षांपूर्वी मी असे पिल्लू बांधले. सहा पाय, प्रत्येकाला गुडघा, नायलॉनचे टोक मेणबत्तीवर वितळवून केलेले डोळे. तीन रविवार तळ्यातल्या माशांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. धाकट्याने ते उचलले, कात्रीने सहाही पाय छाटले आणि मागे एक मऊ पीस सोडले. "दादा, मासा काय पाय मोजत बसतो? त्याला वळवळ दिसली पाहिजे." पहिल्याच फेकीला मासा लागला. काठावरचे सगळे हसले. "पुन्हा माझ्या वस्तूला हात लावायचा नाही," एवढे मी बोललो. त्यानंतर नऊ वर्षे आमच्यात एक शब्द नाही.

४. गेल्या वर्षी मी कमरेइतक्या पाण्यात उभा असताना एक खरे पिल्लू माझ्याकडे पोहत आले. पाय अंगाशी मिटलेले. दिसत होती ती फक्त वळवळ. धाकट्याचे खरे होते.

ते माझ्या बाहीवर चढले आणि थांबले. मीही थांबलो. त्याची पाठ उकलली, आतून फिकट डोके आले, मग अंग, मग चुरगळलेले ओले पंख. ते पंख हळूहळू असे पसरले की त्यांतून मला माझ्याच बाहीची शिवण दिसू लागली. तासभर मी हात हलवला नाही. मनातल्या मनात हात जोडले. ज्याने हे घडवले, त्याच्या दारात मी गुडघे बांधत बसलो होतो! टाचणी उडाली. रिकामी कात बाहीवर राहिली, ती काड्यापेटीत आहे. ती कोणाच्याही नावे करत नाही. तळ्याकाठच्या गवतावर ठेवून यावी.

५. दुरुस्ती. वकीलबाईंनी हे वाचून विचारले, "हे सगळं भावाला तुम्ही गेल्यावर कळणार?" साक्षीदार एक कमी होता. मी धाकट्याला फोन लावला. "सही करायला येशील?" तो म्हणाला, "कुठे?" तासाभरात आला, चष्मा लावून सगळे वाचले, बराच वेळ नाक पुसत राहिला. मग म्हणाला, "गुडघे मात्र झकास होते हां, दादा."

वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून मी उठलो आणि सामानाची पेटी त्याच्या मांडीवर ठेवली. ती आता माझी नाही, सबब कलम ३ मधील देणगी रद्द. कारण तसेच राहू द्यावे.

स्थळ: दुकानाची मागची खोली, खिडकीजवळ.
दिनांक: वकीलबाईंनी वर घातला आहे. तळ्यावर टाचण्या निघू लागून तीन दिवस झाले.

सही: लिहून देणार, खुर्चीवाला

साक्षीदार:
१. शेजारचे औषधवाले
२. धाकटा भाऊ (यास या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही)