सिस्टर फेलिसाकडे पायी

१ जानेवारी, सकाळी ६.१०

नवी डायरी. कोणी वाचायची भीती नाही. ह्यांना माझं अक्षर लागत नाही.

यंदा संकल्प एकच. एप्रिलच्या शेवटी स्पेन. सारिया ते सांतियागो, एकशे पंधरा किलोमीटर, पायी, सहा दिवसांत. हजार वर्षं लोक ही यात्रा चालत आलेत. यवतमाळहून कोणी गेल्याचं ऐकिवात नाही.

टीम: मी आणि शीला. पाचवीपासून कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर. पुढे ती नर्स झाली, मुकुटबनकडे तीस वर्षं नोकरी केली. मी बँकेतून रिटायर. लीडर अर्थात मी. माझं इंग्लिश चांगलं आहे.

कारण: सिस्टर फेलिसा. वय नव्वद. सांतियागोला म्हाताऱ्या सिस्टर्सच्या होममध्ये असतात. भूगोलाच्या तासाला ही वाट फळ्यावर पिवळ्या खडूने काढायच्या. दहावीच्या शेवटच्या दिवशी आम्हा दोघींचे हात धरून म्हणाल्या होत्या, मोठ्या झालात की या. पण चालत या, आणि दोघी मिळून या. त्यांच्या बोटांचा खडू माझ्या मनगटाला लागला होता. मी दोन दिवस धुतला नाही.

ख्रिसमसचं पत्र आलं. अक्षर थरथरतंय. शेवटी लिहिलंय, लवकर या. 'लवकर'खाली रेघ.

आजच चालायला सुरुवात करणार होते. पण वर्षाच्या पहिल्या दिवशी घरी लोक येतात.

सायंकाळी ७. कोणी आलं नाही. उद्यापासून.

५ जानेवारी

बॅकपॅक आला. सहा किलो वजन घेऊन सराव करा, असं यूट्यूबवरची बाई सांगते. सहा किलो तुरीची डाळ भरली. घरात दुसरं वजनदार काही नाही म्हटलं तर हे म्हणाले, "मी आहे नं." लक्ष दिलं नाही.

चालले: दत्त चौकापर्यंत आणि परत. परत ऑटोने, कारण पिशवी फाटून डाळ सांडली असती.

९ जानेवारी, सकाळी ९

धामणगाव रोडने निघाले. आमच्याकडे पायी चालणाऱ्या बाईला लोक चालू देत नाहीत. दहा मिनिटांत तीन गाड्या थांबल्या. "काकू, कुठी चालल्या? बसा नं." सहज फिरतेय म्हटलं तर त्यांना वाटतं मी संकोच करते. चौथा आमचा दूधवाला, धनसिंग. घरोघरी दूध टाकून रिकामे कॅन घेऊन बाभुळगावकडे परत चालला होता. म्हणाला, "मॅडम, साहेबांशी भांडण झालं काय? या, बसा मागं." माणसाला किती वेळा नाही म्हणायचं? वाईट वाटतं त्याला.

चालले: पाच किलोमीटर. पैकी चार धनसिंगच्या मागे. पण पाठ सरळ होती आणि बॅकपॅक खांद्यावरच होता, त्यामुळे धरायला हरकत नाही.

१८ जानेवारी

स्टॅमिना वाढल्याचं सिद्ध झालं. पहिल्या आठवड्यात बॅकपॅक खांदे ओढायचा, आज पिसासारखा हलका. शीलाला फोन करून सांगितलं.

सायंकाळी कळलं की स्वयंपाकाची मथुराबाई रोज वरणाला त्यातूनच डाळ काढते. "मले वाटलं नवीन डबा आणला, बाई." दीड किलो उरली आहे. तरी वाढ थोडीफार स्टॅमिनाचीही असणारच.

२२ जानेवारी

डावा गुडघा. डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, चालणं चांगलंच. पुढे 'घरातल्या घरात' असंही म्हणाले, पण ते सगळ्यांनाच म्हणत असतील. एक्स-रे कपाटात साड्यांखाली ठेवला. शीलाला सांगायची गरज नाही. ती नर्स आहे, उगाच काळजी करेल.

२ फेब्रुवारी, रविवार

ट्रायल. यवतमाळ ते बाभुळगाव, वीस-बावीस किलोमीटर. पहाटे पाचला निघालो. शीला नुसती चालत सुटते. खेडोपाडी लसी टोचत फिरल्याची सवय, टेक्निक काही नाही. तासाभराने तिला म्हटलं, तू पुढे हो, ज्याने त्याने आपल्या लयीत चालावं. तिने दोनदा वळून पाहिलं. "थांबू काय, रजू?" मी हात हलवला, जा.

आठला धनसिंग आला. धुळीसाठी स्कार्फ तोंडाला गुंडाळला, डोळे तेवढे उघडे. पुढे शीला दिसली. खाली मान, एक खांदा जरा उतरलेला. शाळेतही अशीच चालायची, दोघींची दप्तरं एकाच खांद्यावर घेऊन. बघून गलबललं. गाडी तिच्या बाजूने गेली.

गावाच्या अलीकडे उतरून कडुनिंबाखाली बसले. दहा वाजता शीला आली. तू कधी आलीस म्हणाली. म्हटलं, तू चहाला थांबलीस तेव्हा पुढे निघाले. "मी चहा कुठी घेतला?" म्हणाली. मग भजी खाल्ली. तिने तिच्यातली दोन मला दिली.

चालले: बावीस. लिहून ठेवते. सरावाने खरं होईल.

४ फेब्रुवारी

धनसिंग शीलाकडेही दूध टाकतो, हे लक्षात यायला हवं होतं. आज सकाळी त्याने तिला विचारलं, "परवा तुमच्या मैत्रीण मॅडमले बाभुळगावले सोडलं, गुडघा कसा हाय त्याहीचा?"

दुपारी शीला आली. दारातच उभी राहिली. "तोंड बांधून माह्या बाजूनं गेली तू, रजू. मले पाहून गेली." म्हटलं, नाही बसले असते तर धनसिंगला वाईट वाटलं असतं. "धनसिंगले! अन् मले?"

मग बसली. म्हणाली, "गाडीवर बसली त्याचं काही नाही. हसली असती मी. पण तिकडं रानात तू 'ठीक हाय, ठीक हाय' करत राहशीन अन् पडशीन, तं मी काय करू? ना त्याहीची भाषा येत मले, ना रस्ता ठाऊक. तिथं कोणता धनसिंग येणार हाय?"

अट घालून गेली. सोळा तारखेला जांब रोडवर दहा किलोमीटर. पूर्ण झाले नाहीत तरी चालेल. फक्त थकले की तसं सांगायचं. "'थकली' म्हणजो. बस, एवढंच."

एवढंच? हसू आलं. लीडरची परीक्षा घेते.

१६ फेब्रुवारी, रविवार

पळस फुललाय. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसता केशरी. पहिल्या दोन किलोमीटरला मी शीलाला सिस्टरच्या गोष्टी सांगितल्या. त्या आम्हाला मैदानात नेऊन आकाशातले ढग इंग्लिशमध्ये मोजायला लावायच्या, ते. शीला हसली. खूप बरं वाटलं.

तिसऱ्या किलोमीटरला फोन आल्यासारखं वाटलं म्हणून थांबले. मग पळसाचे फोटो. मग बुटाची लेस बांधायला वाकले, पुन्हा थोड्या वेळाने, पुन्हा. चौथ्यांदा शीला म्हणाली, "तुह्या बुटाले लेस नाही, रजू. पट्टा हाय."

दर थोड्या वेळाने विचारत होती, थकली काय? मी म्हणत होते, छे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिचा आवाज वेगळा होता, पेशंटशी बोलतात तसा.

साडेपाच किलोमीटरवर एक छोटा पूल आहे. तिथे डावा पाय खाली गेला आणि वर आलाच नाही. कठड्याला धरून बसले. घाम पुसला. शीला समोर उकिडवी बसली, माझा गुडघा दोन्ही हातांत धरून. "सांग नं," म्हणाली.

मी म्हटलं, पळस बघतेय.

त्या पुलापाशी पळस नव्हता.

पंधरा मिनिटं ती तशीच बसली. मग ह्यांना फोन करून कार बोलावली. येताना ह्यांनी रेडिओ लावला, बंद केला.

चालले: साडेपाच. पूर्ण नाही झाले तरी चालेल असं तीच म्हणाली होती. म्हणजे पास.

२० फेब्रुवारी

शीलाचा फोन नाही. पेपर तपासायला वेळ लागतो.

३ मार्च

शीला आली. तिकीट काढलं म्हणाली. एक.

"मी एकलीच जाऊन राह्यली, रजू. रागानं नाही." मग म्हणाली, "तू फक्त सांगतलं असतं, तं आपण रोज चार-चार किलोमीटर गेलो असतो. कोण मागं लागलं होतं? महिना लागला असता तं लागला असता. मी सगळं विचारून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या गाडीनं बॅग पुढं पाठवता येते तिथं. पण तू मले बी सांगत नाही. मले बी!"

ती रडत होती. मी तिला पाणी दिलं. 

म्हटलं, बरंच झालं, मला मे महिन्यात घरी खूप कामं आहेत.

नीट विचार केला. शीला ॲडव्हान्स पार्टी म्हणून जाते आहे. राहण्याची सोय वगैरे पाहून येईल. पुढच्या वर्षी मी. सिस्टर तेव्हा एक्क्याण्णव. काही फार नाही.

११ मार्च

सिस्टरना पत्र लिहायला बसले. शीला आधी येतेय, मी मागून येते, एवढंच लिहायचं होतं. चार कागद गेले. इंग्लिश जरा गंजलंय.

२५ एप्रिल

शीलाला सोडायला बस स्टँडवर. ऊन भयंकर. तिला उपयोगी पडतील अशी दहा इंग्लिश वाक्यं कार्डावर लिहून दिली. वाचून म्हणाली, "मले येते नं इंग्लिश, रजू. एकाच बाकावर होतो आपण." तरी कार्ड पर्समध्ये ठेवलं.

बसमध्ये चढली. खिडकीतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. "अजून बी सांग." कशाबद्दल ते न कळल्यासारखं केलं. म्हटलं, चला, बस सुटते आता, मी निघते.

बस सुटायला वीस मिनिटं होती.

४ मे, रविवार, दुपारी ४.३०

शीला काल पोचली. आज होममधून व्हिडिओ कॉल. काळी पडलीय, पायाचं एक नख गेलंय. सांगत होती, "दुसऱ्याच दिवशी मी रस्त्यात बसून रडली. कोरियाची एक बाई होती. तिले हातानंच सांगतलं, मेली मी बाई. तं तिनं माही बॅग घेतली अन् मले सरबत पाजलं." हसत होती.

मग फोन सिस्टरसमोर धरला. किती लहान झाल्यात. मांडीवर शाल, शालीवर हात. माझं नाव नीट घेतलं, 'रजनी', शेवटचा उच्चार लांबवून, हजेरी घेताना घ्यायच्या तसं. मी उभी राहिले असते, पण उभं राहवलं नाही.

सिस्टर इंग्लिशमध्ये म्हणाल्या, बाळ, मी आता फार थकले गं. दिवसभर झोप येते. तू कशी आहेस? पाय कसे आहेत?

सांगायला काहीच वेळ लागला नसता. त्या वाट पाहत होत्या. स्क्रीनच्या कडेला शीलाचा खांदा दिसत होता, तोही हलत नव्हता.

मी पाठ सरळ केली. म्हटलं, "फर्स्ट क्लास, सिस्टर."

सिस्टरनी मान हलवली, डोळे मिटले. थोड्या वेळाने शीला म्हणाली, "बरं. ठेवतो, रजू."

खुर्चीतून उठता येईना. ह्यांना हाक मारली. हे धावत आले, काय झालं, काय झालं.

म्हटलं, काही नाही. कूलरमध्ये पाणी टाका.