शेवटचं कडवं

माय, काल तुझी गाणी बाहेर आली. कारंजाला लग्नाचे व्हिडिओ बनवणाऱ्या एका दुकानात मी महिनाभर खेटे घातले, आणि आता तुझा अल्बम कुणाच्याही मोबाइलवर वाजू शकतो. तू जाऊन सहा वर्षं झाली, तरी आज सकाळी पलीकडच्या काकूच्या अंगणात तू हळदीची गाणी म्हणत होतीस. बाबा दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून ते ऐकत उभे राहिले. शेवटचं गाणं मध्येच तुटलं तेव्हा हळूच म्हणाले, "तुही माय अजूनई तिथंच थांबते."

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची ही रेकॉर्डिंगं. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि गावातलं जे जे चांगलं ते आता मीच वाचवायचं आहे, असं मला मनापासून वाटायचं. मी पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवायचे, तू भाकरी थापत गायचीस. आपल्या आसेगावात कुणाकडेही हळद असो, बोलावणं तुलाच यायचं. पण बोळवणीच्या गाण्याचं शेवटचं कडवं, ज्यात आई लेकीला उंबऱ्यातून निरोप देते, ते तू घरात कधीच म्हटलं नाहीस. नवरी समोर असल्याशिवाय ते तोंडातून काढायचं नाही, असं तुझ्या आईनं तुला शिकवलं होतं. मांडवात म्हणायचीस, तेव्हा भोवतालच्या बाया इतक्या मोठ्यानं रडायच्या की शब्द मला कधी नीट ऐकूच आले नाहीत.

एक सकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. "म्हण ना माय, नुसतं रेकॉर्डिंगसाठी," मी म्हणते. तू माझ्याकडे बघतही नाहीस. "गानं काय भाजी हाये, मांगितली का वाढली? नवरी कुठी हाये इथं?" मी म्हणते, "मी बसते नवरी होऊन." तू हसतेस. "तू? तू तं लगनच नाई कराचं म्हनतं! बाकीचं तुह्या लगनात म्हनतो. बंद कर आता थे, भाकर करपून राह्यली." मी चिडले. बाईनं शिकावं ते काय शेवटी मांडवात बसण्यासाठीच का, असं बरंच काही तुला ऐकवलं. तू तवा उतरवलास आणि म्हणालीस, "बोल. बोलता यावं म्हनूनच तं कालेजात धाडलं तुले." त्याच वर्षी पावसाळा सरता सरता तुला ताप आला, तो उतरलाच नाही.

दुकानदार भला माणूस आहे. त्यानं तुझा खोकला, गाण्यानंतरचं आपलं बोलणं, कुकरची शिट्टी, बकरीचं ओरडणं, सगळं पुसून काढलं. पण शेवटच्या गाण्याशी अडला. "ताई, हे लोंबकळते. लोकायले वाटन फाइलच खराब हाये." त्यानं पहिलं कडवं शेवटी पुन्हा जोडून दाखवलं. कानाला गोड लागलं, पण तसं तू कधी म्हटलं नव्हतंस. मग मी मावशीला घेऊन गेले. तिचा आवाज तुझ्यासारखाच, आणि गाणं तिला पुरं येतं. काचेच्या खोलीत तिच्या कानांवर हेडफोन चढवला तेव्हा ती म्हणाली, "गानं तोंडानं म्हनाचं हाये, तं कानाले झाकन कायले?" सगळे हसले. मग तुझा आवाज सुरू झाला. तू थांबतेस तिथून तिनं उचलायचं होतं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"मावशी, परत लावू का?" दुकानदारानं विचारलं. तिनं हेडफोन काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "थे हिच्यासाठी ठेवलं होतं तिनं. मी इथं दुकानात कसं वापरून टाकू?" परतीच्या एसटीत मात्र तिलाच वाईट वाटत होतं. "तुले पाह्यजे असन तं आता कानात सांगतो. नुसते शब्दच तं हायेत." मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कारंजाला गेले आणि दुकानदाराला त्यानं पुसलेलं तुझं बोलणं परत घालायला लावलं. आता अल्बम तिथंच संपतो, तुझ्या करपणाऱ्या भाकरीशी.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? घडी करून पिठाच्या डब्यामागे ठेवते. मी नको म्हटलं तेव्हा मावशीला वाटलं, मी तुझ्या शब्दाचा मान राखला. मीही तिला तसंच वाटू दिलं. लग्न करणार नाही, हे मी अजून सगळ्यांना ठणकावून सांगते, बाबांनाही. पण माय, ते कडवं मला मावशीच्या तोंडून, अंगाला हळद लागलेली असतानाच ऐकायचं आहे. मांडवातल्या बायांना आधीच बजावून ठेवीन, त्या वेळी कुणीही रडायचं नाही, मला शब्द ऐकू आले पाहिजेत.