ओली वेणी

६ जानेवारी
आज सोनियाला घेऊन नाथसागरावर राहायला आलो. होडीच्या धक्क्यावर नोंदवही लिहायचं काम आहे. पलीकडे जाणाऱ्यांची नावं, परत येणाऱ्यांची नावं. खोली धक्क्याला लागूनच, खिडकीतून पाणीच पाणी दिसतं. सोनिया सात वर्षांची. बदकं पाहून उड्या मारू लागली. होडीवाले कडूबा म्हणाले, सायेब, वाळूजला लई धूर खाल्ला, आता इथं वारा खा. बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

९ जानेवारी
सोनियाची आई, ज्ञानेश्वरी, जाऊन महिना झाला. अस्थी याच पाण्यात सोडल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता. दीड तास उभे होतो. घर सांभाळीन म्हणालो, पोरीला शिकवीन म्हणालो. नाही. शेवटी बोललो, सोनियाला तुझ्याजवळ राहायला आणतो. लगेच शिवला. शब्द पाळला, बरं वाटतं.

१३ जानेवारी
मला वेणी घालता येत नाही. दुपारी सोनिया पाण्याकडून आली ती दोन घट्ट वेण्या घालून. केस ओले. कडूबांच्या पत्नी द्वारकाबाईंचे आभार मानायला गेलो. त्या म्हणाल्या, म्या नाय घातली भाऊ, मला माझेच केस इंचरायला येळ नाय.

१५ जानेवारी
पुन्हा वेण्या. सोनियाला विचारलं. आई घालते, म्हणाली. होडीतून न्यायला येणार आहे, म्हणाली.

१६ जानेवारी
द्वारकाबाईंना दहाव्याचं सांगितलं. त्या ओरडल्याच, आवो, लेकराचं नाव कामून घेतलं? सवताचं घ्यायचं व्हतं! मी पाण्याकाठी पुन्हा पिंडाचा भात ठेवला. शब्द मागे घेतो म्हणालो. एकही कावळा आला नाही.

१७ जानेवारी
सोनियाला वाळूजला बहिणीकडे आणलं. इथं पाणी नाही. दुपारी जेवून झोपली. उठली तेव्हा वेण्या— उशी भिजलेली.

१८ जानेवारी
दाराला कडी. बहीण म्हणते, दादा, डोकं ठिकाणावर ठेव. सोनिया दप्तर भरून बसली आहे. आईनं होडीत जागा धरलीय म्हणते. मीही येतो म्हणालो. नाही म्हणाली, एकच जागा—

दुपारी
तिचा हात डाव्या हातात धरून लिहितो आहे. ती रडत नाही. दाराकडे बघते. हात गार पडला. ओला. बोटं निसटतात— ज्ञानेश्वरी, मला ने. हिला