डोकं खालीच आहे

४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तू परत गेलीस आणि घर अगदी सुनंसुनं झालं. तुझे जावई म्हणतात, हुकूम सोडणारं कोणी नाही म्हणून चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

एक सांगायचंय, रागावू नकोस. काल डॉक्टरीणबाईंनी दोनदा पोट चाचपलं. त्यांच्या मते बाळाचं डोकं वर, बरगडीखाली आहे आणि बूड खाली. सोमवारी सोनोग्राफी करून खात्री करू म्हणाल्या. तसंच निघालं तर पुढच्या आठवड्यात दवाखान्यातच, वरून पोट दाबत बाळ फिरवून बघतात. निम्म्या वेळा फिरतं. नाहीच फिरलं तर तारीख ठरवून ऑपरेशन. मी म्हटलं, आईनं तर डोकं खाली आहे सांगितलं, ती जन्मभर प्रसूतीच्या वॉर्डात मुख्य नर्स होती. त्या हसून म्हणाल्या, मी त्यांच्याच हाताखाली शिकले, माझा नमस्कार कळवा. तू जिला थरथरी म्हणायचीस, तीच ही!

मला भीती वाटते गं. जाऊ ना सोमवारी?

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी ठकी


८ मार्च

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग टाळकं सणकलं. थरथरी! डॉक्टर झाली म्हणून काय बोटांना अक्कल येते? वॉर्डात पहिल्याच दिवशी तिनं बाळाचं बूड चाचपून डोकं म्हणून सांगितलं होतं. मी तिला सगळ्या बायकांसमोर उभं करून ‘हे बूड, हे बूड’ असं घोकायला लावलं. हमसून हमसून रडली होती. त्याचं उट्टं ती आता माझ्या लेकीच्या पोटावर काढतेय, दुसरं काय!

डोकं खालीच आहे. मी सांगितलंय म्हणजे आहे. तू मशीनखाली झोपलीस तर त्याचा अर्थ एवढाच, की पोटच्या पोरीचाही माझ्यावर विश्वास नाही. मग बाळंतपणाला मला बोलावूही नकोस. त्या थरथरीलाच आई म्हण.

आणि कळ आली की लगेच दवाखान्याकडे धावत सुटू नकोस. पहिलटकरणीला वेळ लागतो. अशा घाबरट बायका आल्या की मी सरळ घरी पिटाळायचे. अगदी सहन होईना की निघ. तू लहानपणापासूनची रडूबाई, म्हणून आधीच बजावते.

जावयांना आशीर्वाद. आईवर जीव असू दे, म्हणजे मिळवली.
आई


१५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

सोमवारी गेले नाही. ताप आलाय असं खोटंच कळवलं. डॉक्टरीणबाईंचा उलट निरोप आला, की निदान पाणी गेलं किंवा पहिली कळ आली तर त्या क्षणी या, घरी थांबू नका. हे माझ्यावर चिडलेत. बाळ आपलं आहे की सासूबाईंचं, असं विचारतात.

उजव्या बरगडीखाली काहीतरी गोल, टणक लागतं. बोटानं ढकललं की हलतं आणि परत जागेवर येतं. तू म्हणशील, बूडच ते. असेलच. पण बूड इतकं टणक असतं का गं? विचारलं म्हणून चिडू नकोस. मी तुझं ऐकलंय ना?

रुसवा सोड आणि ये, एवढंच मागणं.
तुझी ठकी


२ एप्रिल

ती. सासूबाईंस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली. जिवंत आहे. ठकीही ठीक आहे.

पहाटे कळा सुरू झाल्या. मी गाडी आणायला निघालो तर तिनं मला दारात अडवलं. आईनं थांबायला सांगितलंय म्हणाली, आणि दातांत टॉवेल धरून दुपारपर्यंत येरझारा घालत राहिली. दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळाचं बूड दिसायला लागलं होतं. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती. धड बाहेर आलं, पण डावा हात वर, डोक्यामागे अडकलेला. डॉक्टरीणबाईंनी आत बोटं घालून तो खाली आणला, तेव्हा कुठे डोकं सुटलं. पोर निळी पडली होती. बराच वेळ रडली नाही.

तिचा डावा हात लुळा आहे. मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्यात. सुधारेल की नाही, आत्ताच सांगता येत नाही म्हणतात. ठकी भिंतीकडे तोंड करून पडून असते.

आपला,
जावई


६ एप्रिल

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

नात झाली, भरून पावले. जावयांनी जे टोमणे मारलेत ते मी पोटात घातलेत.

आता नीट ऐक. मी तपासलं तेव्हा डोकं खालीच होतं. नंतर बाळ फिरलं त्याला मी काय करू? आणि हात काही आपोआप लुळा पडत नाही. त्या थरथरीनं ओढला. मी तुमच्या दवाखान्याच्या साहेबांकडे तक्रार धाडलीय. तुम्हा दोघांच्या सह्या लागतील, त्या मुकाट्यानं करा. तिला पुन्हा कुणाच्या पोटाला हात लावू देणार नाही मी. शनिवारी येते. माझ्या हातची मालिश झाली की महिन्याभरात पोर हात हलवायला लागेल.

रडत बसू नकोस. मी आहे ना.
आई


१० एप्रिल

आईस,

सही केली नाही. साहेबांसमोर जाऊन सांगितलं, की सोनोग्राफी मी टाळली, ताप खोटा होता, घरी मी थांबले. हे कुणाच्या धाकानं केलं तेही सांगितलं. डॉक्टरीणबाई शेजारीच होत्या. सिस्टरांना, म्हणजे तुला, यात ओढू नका, असं मला विनवत होत्या. मी ओढलं.

बाळाचा हात अजून हलत नाही. दूध पिताना उजव्या मुठीत माझं बोट धरते आणि डावा हात नुसता लोंबत राहतो. तिला कसं उचलायचं, तो हात कसा सांभाळायचा, हे दवाखान्यातल्या बाई घरातल्या प्रत्येकाला शिकवतात. यांना शिकवलं. वरच्या मजल्यावरच्या मावशींनाही शिकवलं. आणखी कुणाला शिकवायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, आणखी कुणी नाही.

शनिवारी येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही. मला रोज तुझी आठवण येते, रडूही येतं, तरी उघडणार नाही.

तुझा लोभ तिकडेच असू दे.
ठकी