चारांतला एक

हिरुफुशी बेट,
४ मार्च १९९६

चि. वहीदला शरीफाताईची दुवा.

नाईल सोडून आम्ही सगळे बरे आहोत. तुझा भाचा पुन्हा पांढराफटक पडलाय. पुढच्या होडीने तुझे दाजी त्याला रक्त चढवायला तुझ्याकडे मालेला आणतील.

तू म्हणे रझियासाठी झुरून काटकुळा झालास! पोटभर मासळी खा, नाहीतर निकाहाचे कपडे अंगावर लोंबतील. थट्टा पुरे. निकाहाआधी दोघंही रक्त तपासून घ्या. मी आणि दाजी धडधाकट. थॅलेसेमियाचं नावही ऐकलं नव्हतं. दोघांच्या रक्तात तो अर्धा अर्धा लपला होता, नाईलच्या वाट्याला पुरा आला.

तुझी,
शरीफाताई

माले,
२ एप्रिल

ती. ताईस सलाम वि. वि.

नाईल येऊन गेला. या वेळी माझंच रक्त चढवलं. आता मला मामासारख्या मिश्या फुटतील का, म्हणून विचारत होता. नर्सला शीर सापडेना, तर तोच तिला धीर देत होता.

तपासणी झाली. दोष माझ्यातही आहे आणि रझियातही. आम्हाला काही होणार नाही, पण होणाऱ्या दर मुलाला चारांत एक धोका, असं डॉक्टर म्हणाले. रझियाचे वडील म्हणतात, आमची सात मुलं ठणठणीत आहेत, कसला आजार घेऊन बसलास! रझिया म्हणते, तीन तर बरी निघतील. मला काही सुचत नाही. तू म्हणशील तसं करीन.

तुझा,
वहीद

हिरुफुशी,
१९ एप्रिल

चि. वहीदला दुवा.

करू नकोस.

सुई शिरताना पोराचा हात आपणच दाबून धरायचा आणि त्याने आपल्याकडे बघायचं. त्याच्या वयाची पोरं ताडमाड झाली. याचं नुसतं पोट वाढतंय. रझियाचे तळतळाट मला लागू देत.

शरीफाताई

माले,
३० मे

ती. ताईस सलाम.

रझियाला सांगितलं. ती रडली नाही. चारांतला तेवढा एकच दिसला का तुला, एवढंच म्हणाली. वडिलांनी लगेच तिचा निकाह दुसरीकडे लावून दिला.

नाईलला का पाठवलं नाहीस? रक्ताची तारीख उलटून गेली. मी दवाखान्यात वाट बघत बसलो होतो. जिवाला घोर लागलाय, लगेच कळव.

वहीद

हिरुफुशी,
२१ जून

वहीद,

नाईल गेला.

तुला निकाह करू नकोस असं लिहिल्याचं मी दाजींना सांगत होते, ते त्याने ऐकलं. माझ्यासारखा मुलगा होऊ नये म्हणूनच ना, असं त्याने विचारलं. तुला आधी कळलं असतं तर तूही बाबांशी लग्न केलं नसतंस का, असंही विचारलं. मी म्हटलं, चल, होडी सुटेल. तो माडाला मिठी मारून बसला. दाजींना त्याला ओढून नेववेना. पुढच्या खेपेला समुद्र खवळला, होडीच निघाली नाही. मग ताप चढला.

मी लग्न केलंच असतं रे. तो मला हवाच होता. चार शब्दांचं काम होतं, पण मी त्याला होडीची घाई केली.

आणि तू आज पुन्हा विचारलंस, तरी मी तुला हेच लिहीन की करू नकोस.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

शरीफा