खुर्चीचा चार्ज

ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे कागदावरच घालतो आहे, गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजी पुढच्या महिन्यात निवृत्त होणार हे वाचून आनंद झाला. त्यांना म्हणावं, आता नुसता आराम करा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात मी अजून हादरलेलाच आहे. आपले बाबा, वय वर्षं शहाऐंशी, नोकरीला लागले.

पत्र खाली ठेव आणि पाणी पिऊन ये. मीही प्यायलो होतो.

झालं असं. मी निवृत्त झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी उशिरा उठून, बाबांच्या शेजारी आपलीही एक खुर्ची टाकावी म्हणून बाहेरच्या खोलीत आलो, तर बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, बूट चढवून उभे. (बूट! ते आपण कधीच कुणाला देऊन टाकलेत, अशी माझी समजूत होती.) मला म्हणाले, "आलास? चल, चार्ज घे." मग किल्ल्या दिल्या. दूधवाल्याला दोनदा हाक मारावी लागते, कुरियरवाल्याकडून पेन परत मागून घ्यायचं, नळ दुरुस्त करणारा आज येणार, सगळं समजावलं. शेवटी आपली वेताची खुर्ची दिली, मागच्या उजव्या पायावर भार टाकायचा नाही या सूचनेसह. मी ऑफिसात आयुष्यभर चार्ज घेतले, पण इतका चोख कुणी दिला नव्हता. म्हणे, घरात कुणीतरी हवं म्हणून इतकी वर्षं अडकून पडलो होतो, आता तू मोकळा झालास. ताई, आपण समजत होतो ते आराम करताहेत. ते ड्यूटीवर होते!

नोकरी कुठे, तर बाजारामागच्या खुर्च्यांच्या कारखान्यात, वेताची आसनं विणायची. ही विद्या आली कुठून? आम्ही नवराबायको कामावर गेलो की हे गृहस्थ आपल्याच खुर्चीच्या आसनाचा एक कोपरा उसवायचे, आणि आम्ही परतायच्या आत पुन्हा विणून त्यावर बसायचे. वर्षानुवर्षं! आणि मी लोकांना कौतुकानं सांगायचो, बाबा जागचे हलत नाहीत. सौ.ला सगळं ठाऊक होतं. (तिची नोकरी अजून आहे, त्यामुळे तिचा आवाज चढा आहे.) बाबांचा डबासुद्धा तिनंच भरला.

मी तडक त्यांना आणायला गेलो. मालकीणबाई आपल्या मुलींच्या वयाची. म्हणाली, आजोबा जेवणाच्या सुट्टीत भेटतील, तोवर बाहेर बसा. बसलो. बाबा आले ते हातातली वेताची पट्टी न सोडता, आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, कामाच्या जागी घरच्यांनी यायचं नसतं. लोक काय म्हणतील?" लोक काय म्हणतील, हे विचारायला तर मी गेलो होतो! घरी येतो तर नळवाला कुलूप बघून परत गेलेला. संध्याकाळी बाबांनी माझ्याकडे खुलासा मागितला. पहिल्याच दिवशी जागा सोडून गेलास, म्हणाले. सौ.नं मान डोलावली.

तेव्हापासून खुर्चीवर मी आहे. खरं सांगतो ताई, भीती वाटते. सकाळ कशीबशी सरते, पण दुपार एवढी लांब असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुरियरवाला आला की मी त्याला बसवून घ्यायचो. हल्ली तो पाकीट दारातून आत टाकून पळतो. बाबा मात्र बोटांना चिरा पाडून घेऊन येतात आणि दोन घास जास्त जेवतात. हे काय वय आहे का? तेव्हा तू ताबडतोब निघून ये आणि त्यांना चार शब्द सुनाव. तुझं ते ऐकतात.

तुझा,
धाकटा

ता. क. एवढ्यात निघू नकोस. काल दुपारी सहज गंमत म्हणून आसनाचा एक कोपरा उसवून पाहिला, तर सगळंच सुटून हातात आलं. हे उभ्यानं लिहितो आहे. बाबा रागावले नाहीत. शेजारी बसून पहिली ओळ त्यांनीच घालून दिली.

आणखी एक. जमतंय, ताई! बाबा मालकीणबाईंकडे माझ्यासाठी शब्द टाकणार आहेत. (माझं वय जरा कोवळं आहे, पण घेतील म्हणाले.) अडचण एकच, घराचा चार्ज कुणाला द्यायचा? भावोजींना निवृत्त झाल्या झाल्या इकडे आरामाला पाठव. खुर्ची विणून तयार ठेवतो. त्यांचे बूट मात्र तुझ्याकडेच ठेवून घे.